बुकिंग कार्डने करा, अख्खी गाडी कार्डावर नको

तुम्ही विचारलंय की गाडी ऑनरोड साडेनऊ लाखाला पडतेय, कार्डाची लिमिट चार लाख आहे, पैसे एफडीत तयार आहेत, मग जमेल तेवढं कार्डावर स्वाइप करून पॉइंट्स घ्यावेत का आणि शोरूमवाले घेतात का. मी नाशिकला गाडी घेतली तेव्हा अगदी हाच हिशोब मांडून बसलो होतो म्हणून जे कळलं ते सांगतो.

घेतात, पण बहुतेक ठिकाणी बुकिंगचे पैसे आणि फार तर लाखभर. त्याच्या वर गेलात की लगेच "सर दोन टक्के चार्ज लागेल" सुरू होतं. यात डीलरवर रागावण्यात अर्थ नाही, कारण क्रेडिट कार्ड चाललं की बँक त्याच्याकडून एमडीआर म्हणजे कार्डाने पैसे घेण्याची फी कापते, साधारण दीड-दोन टक्के, त्यावर परत 18 टक्के जीएसटी, आणि गाडीवर त्याचं मार्जिन आधीच कमी, त्यातूनच आपण डिस्काउंटपण मागून घेतलेला असतो, आणि आरटीओ टॅक्सचे पैसे तर त्याच्या हातून सरकारकडेच जातात, त्यावर तो पदरचे दोन टक्के कशाला घालेल.

आता आकडे बघा. तीन लाख स्वाइप केले तर दोन टक्क्यांनी 6,000 रुपये गेले. नेहमीच्या कार्डावर पॉइंट्सची खरी किंमत एक टक्क्याच्या आसपास निघते, म्हणजे 3,000. बिल येईपर्यंत पैसे दीड महिना सेव्हिंगला राहिले तरी अडीच टक्क्यांनी नऊशेच्या आसपास मिळतील. म्हणजे सगळं धरून दोन हजार खिशातून गेलेच. चार्ज लावत नसतील तर मात्र जरूर करा, आणि तुमच्या कार्डाला वर्षाला अमुक खर्च झाला की फी माफ असं असेल तर एका स्वाइपमध्ये ते काम होऊन जातं.

पण माझ्या मते कार्डाचा खरा उपयोग पॉइंट्ससाठी नाहीच, तो बुकिंगच्या पैशासाठी आहे. मी आधी एका डीलरकडे 21,000 भरून बुकिंग केलं होतं, सहा आठवड्यात गाडी देतो म्हणाले, चार महिने झाले तरी तारीख पुढेच. कॅन्सल केलं तर रिफंड आज होईल उद्या होईल, नंतर फोनच उचलेनात. पैसे कार्डने दिले होते म्हणून बँकेत डिस्प्यूट म्हणजे त्या व्यवहाराबद्दल तक्रार टाकली, बुकिंगची पावती, कॅन्सलचा ईमेल आणि त्यांचं "रिफंड प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर जोडलं, आणि काही आठवड्यांनी पैसे कार्डावर परत आले. तेच मी सेल्समनच्या सांगण्यावरून यूपीआयने पाठवले असते तर शोरूमला चकरा मारत बसलो असतो. त्यामुळे बुकिंग कार्डानेच करा, पावती डीलरच्या कंपनीच्या नावाची घ्या, त्यावर रिफंडेबल असं लिहून घ्या, आणि सेल्समन कितीही गोड बोलला तरी त्याच्या पर्सनल नंबरवर एक रुपया पाठवू नका, हे मी हात जोडून सांगतो.

दुसरी जागा म्हणजे इन्शुरन्स. तो डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेर ऑनलाइन कोटेशन काढा, माझ्या वेळी चांगला फरक पडला होता, आणि तिथे कार्डाने भरलं तर मला वेगळा चार्ज लागला नाही. फक्त काही कार्डं इन्शुरन्सवर पॉइंट्स देत नाहीत ते आधी बघून घ्या.

एफडीचं म्हणाल तर ती महिनाभरात मॅच्युअर होत असेल तर मोडून दंड भरण्यापेक्षा तेवढी रक्कम कार्डावर टाकून बिलाच्या तारखेपर्यंत थांबणं परवडू शकतं, दंड किती आणि चार्ज किती ते समोरासमोर ठेवून बघा. एफडी वर्षभर लांब असेल तर हा विचारच नको. बिल पूर्ण न भरता पुढे ढकललं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे तीन लाखावर 10,500, वर 18 टक्के जीएसटी धरला की 12,390, आणि हे एकाच महिन्याचं. मिनिमम ड्यू म्हणजे बिलातली किमान रक्कम भरून फक्त लेट फी वाचते, व्याज स्वाइपच्या तारखेपासूनच लागतं. माझ्या मेव्हण्याने असं केलं आणि पुढचे कित्येक महिने त्याच्या घरात याच विषयावरून भांडणं, मला ते बघवत नव्हतं. "ईएमआय करून घ्या" असा मेसेज येईल तोही सोडून द्या, कार्डाच्या ईएमआयच्या व्याजावर जीएसटी लागतो, कार लोनच्या व्याजावर नाही, आणि कार लोनचा दरही त्याहून बराच कमी असतो.

थोडं लोन घ्यायचं ठरलंच तर ते मंजूर होईपर्यंत कार्डाची लिमिट वापरून संपवू नका, चार लाखाच्या लिमिटमध्ये साडेतीन वापरलेले दिसले की सिबिल स्कोअर, म्हणजे लोन देताना बँक बघते तो पतीचा आकडा, खाली येतो. आणि वर्षभरात कार्डाची बिलं मिळून 10 लाख किंवा जास्त भरलीत तर बँक ते इन्कम टॅक्सला कळवते, रिटर्नमध्ये उत्पन्न नीट दाखवलेलं असेल तर काळजीचं कारण नाही.

शेवटचं, दसऱ्याला किंवा पाडव्याला डिलिव्हरी घेणार असाल तर पैशाचं सगळं आठ दिवस आधी उरका, कारण पूर्ण पैसे गेल्याशिवाय ते गाडी पासिंगला पाठवत नाहीत. कार्डाची मशीनवरची लिमिट ॲपमध्ये आदल्या दिवशी वाढवून ठेवा, माझं कार्ड तिथे दोनदा डिक्लाइन झालं ते एवढ्याचसाठी. उरलेले आरटीजीएसने थेट डीलरच्या खात्यावर टाका आणि यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा क्रमांक) पावतीवर लिहून घ्या.