दादा ग्रुपमधून बाहेर पडला

दिवाळी आणि तुळशीचं लग्न यांच्या मधल्या दिवसांत माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, घरात जातीचा, आरक्षणाचा, पक्षाचा विषय निघाला की ताटावरून उठायची वेळ येते. हा विषयच काढायचा नाही, असं ठरवून टाकावं का?" लातुरात मी १९ वर्षं समुपदेशन करते. पूर्वी मी सरळ 'हो' म्हणायची. आता म्हणत नाही. का, ते एका घराच्या गोष्टीतून सांगते. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आले ते गुरुजी. वय ६५, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, हातात कापडी पिशवी. बसण्याआधी भिंतीवरच्या पाटीवरचं माझं आडनाव त्यांनी वाचलं. हे आपल्याकडे सगळेच करतात, मी राग धरत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला पोलिसांच्या नावपट्टीवरून आडनावं काढून टाकावी लागली, यावरून काय ते समजा.

"ताई, दोन पोरं बोलंनात एकमेकांशी. थोरला ग्रुपमधून बाहेर पडला."

ग्रुप म्हणजे घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. थोरला टेक्सासात सॉफ्टवेअरमध्ये. धाकटा २९ वर्षांचा, गावी शेती बघतो आणि लातूरच्या अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला होता. थोरल्यानं सांगितलं की एका दुकानाच्या पार्किंगमध्ये कोणीतरी त्याच्या अंगावर ओरडलं, "आपल्या देशात परत जा." धाकटा हसला. म्हणाला, "मग ये की. तू बी तिथं कुणाची तरी जागा खाऊनच बसलायस." थोरला म्हणाला, मी मेहनतीवर आलोय, तुझ्यासारखी आरक्षणाची भीक मागत नाही. धाकटा म्हणाला, "मेहनतीवर? माझ्या वाट्याच्या रानावर गेलास तू." कॉल कट. पाच मिनिटांनी ग्रुपवर ती करड्या अक्षरातली ओळ.

ही भांडणं वरून पक्षाची दिसतात. पण या घरात त्या सप्टेंबरात काय काय येऊन पडलं होतं, ते नीट बघा. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला, म्हणजे पूर्वजांची कुणबी नोंद सापडली तर मराठ्यांना ओबीसी आरक्षणाचा दाखला मिळण्याची वाट. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून इथल्या कुणबी नोंदी शोधायच्या तर त्या काळची कागदपत्रं चाळावी लागतात. धाकट्याला आशा लागली. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाल्यापासून तो प्रत्येक मोर्चात होता. मग १९ सप्टेंबरला अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर भरायचा हुकूम निघाला. थोरल्याचा व्हिसा जुना, त्याला ते लागू नव्हतं, पण त्याची झोप उडाली. आणि महिना संपता संपता पाऊस असा कोसळला की सोयाबीन पाण्यात उभं राहून शेंगांना कोंब फुटले. एकाच बापाची ही दोन पोरं, दोघंही आपापल्या अंधारात बसलेली. दिवाळीला कुणीतरी कुणाला तरी चावणारच होतं.

धाकट्याला मी आधी बोलावलं. गाडीवरून आला, पायताणाला चिखल. पहिला अर्धा तास त्यानं फक्त दादाविषयी सांगितलं. २०११ मध्ये दादाच्या एमएससाठी दोन एकर विकलं, ते रस्त्याकडचं, चांगलं काळं रान. आईचं आजारपण यानं काढलं, दादानं पैसे पाठवले. शेती करणाऱ्याला कोणी मुलगी देत नाही. दोन स्थळं आली आणि 'नोकरी लागली की बघू' म्हणून गेली. मग त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, जी गुरुजींनाही माहीत नव्हती. अभ्यासिकेत त्याचा एक जोडीदार होता, बौद्ध. चार वर्षं मेसचा एक डबा दोघांत. तो राज्यकर निरीक्षक झाला, याचं दोन मार्कांनी गेलं. निकालानंतर यानं त्याचा फोन उचललेला नाही.

"त्यानं माझी जागा नेली असं नाही म्हणत मी. पण मन मानंना."

मी त्या दिवशी एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या भेटीत बोलले. त्याला सांगितलं की अनुसूचित जातींचे १३ टक्के काही काल-परवा आलेले नाहीत. त्याची यादी वेगळी, तुझी वेगळी. तुझे दोन मार्क तुझ्याच यादीतल्या वरच्या पोरानं नेले, आणि खरं तर लाखो अर्जांसमोर काहीशे जागा काढणाऱ्यांनी नेले. आणि हेही विचारलं, "त्याच्या घरी रान किती?"

"रान कुठलं? बाप गवंडीकाम करतो."

मग पाटीकडे बघून म्हणाला, "तुम्ही असं बोलणारच म्हणा."

असू दे. समुपदेशकानं मत ठेवू नये असं शिकवतात. मला ते सगळं पटत नाही. मत असतं, ते माणसाला दिसतंही. फक्त ते कधी बाहेर काढायचं याला महत्त्व आहे, आणि नेमकं तिथंच मी थोरल्याच्या बाबतीत माती खाल्ली.

त्याच्याशी बोलणं रात्री आठला, त्याच्याकडे सकाळचे साडेआठ. माणूस शहाणा, मोजकं बोलणारा. त्याचं म्हणणं स्वच्छ होतं: जागा गुणवत्तेवर मिळावी, जन्मावर नाही. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कॉलेज प्रवेशात वंशाचा विचार करणं थांबवलं, तेव्हा त्यानं ग्रुपवर लाडू वाटले होते, इमोजीचे. आणि तोच माणूस ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेला, कारण तिथल्या कायद्यानं एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. म्हणजे त्याची अडचण जन्माचीच. ही विसंगती मला इतकी आयती सापडली की मला राहवलं नाही.

मी त्याला व्याख्यान दिलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली, इथपासून सुरुवात. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती तिथल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. १९४६ च्या कायद्यानं वर्षाला फक्त १०० भारतीयांना तिथं स्थायिक व्हायला परवानगी होती. दार खऱ्या अर्थानं उघडलं ते १९६५ च्या कायद्यानं, आणि तो कायदा काळ्या लोकांच्या हक्कांच्या लढ्यानं तापलेल्या दिवसांतला. "तुम्ही ज्या दारातून आत गेलात, ते मेहनतीनं नाही, दुसऱ्यांच्या लढ्यानं उघडलंय. आणि तुम्हाला पार्किंगमध्ये जे एकदा ऐकावं लागलं, ते इथं काही लोक पिढ्यान्‌पिढ्या ऐकतात."

यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मला वाटलं तुम्ही माझं ऐकायला बसलाय."

धाकट्यानं हसून जे केलं, तेच मी संदर्भ देऊन केलं होतं. त्याच्या जखमेवर दुसऱ्याची मोठी जखम नेऊन ठेवली. मी माफी मागितली. खरीखुरी, 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' वाली नाही. मग विचारलं, त्या दिवशी नेमकं काय झालं?

सहा वर्षांच्या मुलीला तो गाडीत बसवत होता. पट्टा लागत नव्हता. तो माणूस मागून ओरडला आणि निघूनही गेला. यानं मुलीला बसवलं, गाडी काढली, घरी आल्यावर लक्षात आलं की दुधाचे डबे ट्रॉलीतच राहिले. त्या दुकानात तो पुन्हा गेला नाही. आता ४० मिनिटं लांब असलेल्या भारतीय दुकानात जातो, बायकोला सांगतो तिथली कोथिंबीर ताजी असते.

"तिला सांगितलं नाही?"

"नाही. दिवाळीला पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. आणि तो हसला."

आता मूळ प्रश्नाकडे येते. विषय टाळायचा का? या घरात विषय टाळूनच तर इतकी वर्षं गेली होती. दोन एकराचा विषय टाळला, आईच्या आजारपणाचा टाळला, डबा वाटून खाणाऱ्या मित्राचा टाळला. टाळलेलं सगळं मग आरक्षणाच्या नावानं बाहेर पडलं, कारण आरक्षणावर भांडायला लाज वाटत नाही. 'दादा, मला तुझा हेवा वाटतो' म्हणायला वाटते. मी आता लोकांना सांगते की भांडा, पण माणसाला झालेलं आणि माणसाचं मत, या दोन गोष्टी वेगवेगळ्या दिवशी घ्या. झालेलं ऐकताना उत्तर द्यायचं नसतं. मताला मात्र उत्तर द्या, आकड्यांसकट, कडक दिलंत तरी चालेल.

एका रविवारी तिघांना एकत्र घेतलं. गुरुजी आणि धाकटा माझ्यासमोर, थोरला टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये. अट एकच घातली: समोरचा काय म्हणाला ते आधी त्याला पटेल असं सांगायचं, मगच आपलं बोलायचं.

धाकट्यानं सुरुवात केली. "तुला तिथं कुणीतरी हाकललं."

"हाकललं नाही. मी पोरीला गाडीत बसवत होतो."

"तू पोरीला गाडीत बसवत होता, अन मागून कुणीतरी बोललं. तुला राग आला."

"राग नाही आला. हात थरथरत होते. पट्टा लागंना."

थोरल्याच्या तोंडून 'लागंना' मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. तोवर त्याची भाषा पार पुण्याची होती. धाकटा खाली बघून म्हणाला, "पोरगी होती होय संगं. ते नव्हतं सांगितलं."

"तू हसलास ना आधीच."

मग थोरल्याची पाळी. "तुझं म्हणणं, माझ्या मेहनतीत तुझे दोन एकर आहेत."

"दोन कुठले? एक. एक तुझंच होतं."

यावर तिघंही हसले आणि मीही. वाटलं, जमलं. तेवढ्यात थोरला सवयीनं म्हणाला, "तरी पण जात-बीत आता कुठं राहिलीय, हे सगळं पुढाऱ्यांनी पेटवलंय," आणि धाकट्यानं मान डोलावली. दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं ते नेमकं यावर. तेव्हा इतका वेळ गप्प असलेले गुरुजी बोलले.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. गुरुजी तेव्हा १८ वर्षांचे. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात गावोगाव दलितांची घरं जाळली गेली. त्यांच्या गावातही. वडिलांनी त्यांना वाड्याच्या आत घेतलं आणि कडी लावली. माळवदावरून त्यांनी उजेड बघितला. वर्गात शेजारी बसणारा एक मुलगा त्या वस्तीतला. त्याची भूमितीची वही गुरुजींकडे होती, दोन दिवसांसाठी मागून आणलेली. तो पुन्हा शाळेत आला नाही. नामांतर झालं १४ जानेवारी १९९४ ला, तेव्हा गुरुजी शिक्षक होऊन बरीच वर्षं झाली होती. वर्गात त्यांनी पेढे वाटले. वहीबद्दल कुणाला सांगितलं नाही.

धाकट्यानं विचारलं, "मग तुम्ही काय केलं?"

"काही नाही. कडी लावलेली होती."

"आतून लावली होती ना?"

गुरुजींनी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. लॅपटॉपमधून थोरला काहीतरी बोलायला गेला आणि थांबला.

या घराचं पुढं काय झालं म्हणाल, तर फार काही नाही. थोरल्याचं आरक्षणाबद्दलचं मत बदललेलं नाही, धाकटा मोर्चाला जातोच. थोरला ग्रुपमध्ये परत आला नाही, पण रविवारी धाकट्याला स्वतः फोन करतो. दोघं सोयाबीनच्या अनुदानावर आणि गॅझेटवर तावातावानं भांडतात, आणि मला कळतं की बरं चाललंय. महिनाभरानं थोरल्याचा मला दोन ओळींचा मेसेज आला: "ते १९६५ चं वाचलं. मला खरंच माहीत नव्हतं." धाकट्यानं जोडीदाराला फोन लावला का, ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

गुरुजी मात्र डिसेंबरात एकटेच आले. कापडी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही काढली. कव्हर उडालेलं, आत पेन्सिलीनं काढलेले त्रिकोण अजून शाबूत. त्या मुलाचा पत्ता त्यांनी काढला होता. नांदेडला असतो, नोकरीतून निवृत्त झालाय. नंबरही मिळाला होता.

"ताई, सुरुवात काय म्हणून करू?"

मी बराच विचार केला. मग म्हणाले, "आपलं नाव सांगा, गाव सांगा आणि थांबा. पुढचं त्यांना बोलू द्या."

त्यांनी खिशातलं पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं: नाव, गाव. खाली एक रेघ मारली. फोन अजून लावलेला नाही.