नको म्हणणाऱ्या मुलाशी आधी बोल

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

तिकडे अमेरिकेत ॲलर्जीच्या दवाखान्यात रुजू झालीस, फार बरं वाटलं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या, मराठी घरातल्या एका मुलानं उपचार म्हणून दिलेला शेंगदाण्याचा डोस पाहून तोंड घट्ट मिटलं आणि त्याची आई रडकुंडीला आली, असं लिहिलंस. त्याला हट्टी समजू नकोस. शेंगदाणा म्हणजे जिवावरचं संकट, हे त्याला मोठ्यांनीच शिकवलंय. वाढदिवसाचा केक नको, मित्राच्या डब्यातला घास नको, आजीच्या साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट असतं म्हणून तीही नको. त्यानं सगळं निमूट ऐकलं. आता तीच माणसं दाण्याची पूड कालवून पुढे करतात आणि खा म्हणतात. तो कचरणारच! ‘या भीतीनंच तुला आजवर सांभाळलं,’ हे त्याला आधी सांग.

2020 मध्ये तिकडे मंजूर झालेल्या पाल्फोर्झियाची, म्हणजे शरीराला हळूहळू सवय व्हावी म्हणून द्यायच्या शेंगदाण्याच्या पुडीच्या औषधाची, सुरुवात अर्ध्या मिलिग्रॅम प्रथिनापासून होते आणि महिनोन्महिने वाढवत 300 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे जेमतेम एका दाण्याएवढं जायचं असतं. डोस वाढला की दवाखान्यात तासभर बसायचं. घरी डोसनंतर पळापळ नको, गरम पाण्याची अंघोळ नको. माझ्या मते मुलं औषधापेक्षा खेळ बुडण्यानं जास्त खचतात. त्याच्या खेळाची वेळ विचार आणि घरच्या डोसची वेळ त्याप्रमाणे बसवता येते का ते डॉक्टरांबरोबर पाहा.

स्टॅनफर्डचा 2019 चा अभ्यास जरूर वाच. असेच शेंगदाण्याचे वाढते डोस घेणाऱ्या 50 मुलांपैकी काहींना आणि त्यांच्या पालकांना सांगितलं होतं, की तोंडाला खाज सुटण्यासारखा सौम्य त्रास हा उपचार लागू पडत असल्याची खूण असू शकतो. त्या कुटुंबांची चिंता कमी झाली. पण हे सांगताना फार जप. धाप लागणं, घसा आवळणं, उलट्यांवर उलट्या होणं ही कसलीच चांगली खूण नव्हे, तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन आणि तातडीची मदत हवी. हा फरक मुलाच्या तोंडून वदवून घे. आईबाबांचा हिरमोड नको म्हणून काही मुलं त्रास लपवतात, आणि मला सगळ्यात धास्ती वाटते ती त्याची. डोस संपवला म्हणून शाबासकी देतेस, तशीच ‘मला काहीतरी होतंय’ असं सांगितल्याबद्दलही दे.

आईला वेगळी गाठ. तिची झोप होते का, रात्री उठून मुलाचा श्वास पाहते का, विचार. उपचार स्थिरावले तरी डोस रोज घ्यावा लागतो, इंजेक्शन जवळ ठेवावंच लागतं, शेंगदाणा टाळावाच लागतो. नातेवाईक मात्र ‘झाला ना आता बरा?’ विचारत राहतात. त्यांना काय उत्तर द्यायचं, तेही तिच्याशी बोलून ठेव.

मुलगा जेवणच टाळू लागला, स्वप्नांनी दचकून उठू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला उशीर करू नकोस. आणि सगळं समजून घेऊनही त्याला थांबायचं असेल, तर ते डॉक्टरांपुढे तू मांड. शेंगदाणा टाळून, इंजेक्शन जवळ बाळगून जगणं हाही रीतसर मार्ग आहे.

पुढच्या भेटीत आधी त्याच्याशी एकट्याशी बोल. काय म्हणाला, ते मला कळव.

तुझ्या,
बाई