जुलैत बोट नाही, मग समुद्रपक्षी कसे बघायचे?

प्रश्न : जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही देवगडला चाललो आहोत. लेकीला समुद्रपक्षी बघायचेत, पण तेव्हा बोटी बंद असतात म्हणे. बेत दिवाळीनंतर ढकलावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अजिबात ढकलू नका. दिवाळीनंतर किनाऱ्यावर कुरव (सीगल) भरपूर दिसतील, बोटही मिळेल. पण खोल पाण्यातले पक्षी जमिनीवरून बघायचे तर हेच दिवस. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, हे खरं. मात्र नैर्ऋत्येचा वारा दोन-तीन दिवस सलग लागला की एरवी लांब राहणारे पक्षी आपसूक काठाकडे येतात.

किल्ल्यावर दीपगृहाच्या बाजूला जा. तिथे जमीन समुद्रात घुसलीय आणि उंचीही आहे, त्यामुळे लाटेआड गेलेला पक्षी पुन्हा सापडतो. कड्याच्या टोकाला जाऊ नका. भिंतीचा आडोसा धरून बसा, नाहीतर वाऱ्याने दुर्बीण थरथरते. आणि ती पाण्यावर भिरभिरवू नका. क्षितिजाच्या जरा खालचा एकच पट्टा धरा, पक्षी त्यातून जाऊ दे. पहिला अर्धा तास नुसतं पाणीच दिसेल. उठू नका.

सुरयांमध्ये (टर्न पक्ष्यांमध्ये) ब्रायडल्ड टर्न शोधा : पाठ राखट-तपकिरी, पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर हे घरटी करतात. आणि नशीब असेल तर विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. गेल्या जुलैत मला तो दोन लाटांमधल्या खोलगटात दिसला. चिमणीहून थोडा मोठा, काळपट, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. पंख पसरून पाय पाण्याला टेकवत चालल्यासारखा निघाला होता. एवढासा जीव, अंटार्क्टिकाकडे घरटं करणारा! मी किती वेळ श्वास धरून होते कोण जाणे.

एक मात्र लेकीला आत्ताच सांगून ठेवा. वाळूवर थकलेला पक्षी दिसला तर त्याला पाण्यात सोडायचं नाही. तांबळडेगला एक मास्क्ड बूबी असाच बसला होता. लोकांनी मायेपोटी त्याला तीनदा लाटेत नेऊन सोडलं, संध्याकाळी तो मेला. ते अजून मनातून जात नाही. अंगावर टॉवेल टाका, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, चोचीत पाणी-मासा कोंबू नका, वनखात्याला कळवा. उचलताना चेहरा लांब ठेवा. चोच डोळ्यावर बसते.

बोटीने जायचं तर ऑक्टोबरनंतर, आणि सकाळीच निघा. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन डोळ्यांवर येतं, सगळे पक्षी काळेच दिसतात. जाळं ओढून मासळी निवडणारा ट्रॉलर दिसला की तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, त्या बाजूला घ्यायला सांगा; पक्षी त्याच्याभोवती जमतात. वेंगुर्ल्याच्या खडकांवर मात्र उतरू नका.

येताना जुना मऊ सुती कपडा आणा. काचेवर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडतात. कोरडं पुसलंत तर ओरखडे पडतील. दुर्बीण पाण्याला टिकणारी असेल तर आधी काचेवर गोडं पाणी ओता, मग टिपा.