“दाखव ना!” : रोलचा कॅमेरा आणि आजूबाजूची मंडळी

प्रश्न : वडिलांचा जुना रोलचा कॅमेरा मी परत वापरायला घेतलाय. फोटो काढला रे काढला की मुलं “दाखव ना, दाखव ना” करत धावत येतात, मागे स्क्रीनच नाही म्हटल्यावर तोंडं पडतात आणि मला उगाच अपराधी वाटतं. त्यांना समजवायचं कसं?

अपराधी नका वाटून घेऊ. मुलं हे करतातच, माझ्याकडे तर दर वेळी. एकदा पाच-सहा वर्षांची एक मुलगी थेट कॅमेऱ्याच्या पाठीशी गेली, तिथे जुन्या कॅमेऱ्यांना एक छोटी चौकट असते बघा, कुठला रोल घातलाय ते लक्षात राहावं म्हणून रोलच्या खोक्याचा तुकडा त्यात खोचतात, तर तिने त्या पुठ्ठ्यावरच बोट सरकवून बघितलं, एकदा नाही तीनदा, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली “बंद पडलाय”.

मोठी माणसं यावर लगेच म्हणतात की मोबाईलमुळे आजकालच्या मुलांना धीरच उरला नाही. मला हे अजिबात पटत नाही. १९४३ साली एडविन लँड नावाच्या संशोधकाच्या तीन वर्षांच्या मुलीने बापाला विचारलं होतं की आत्ता काढलेला फोटो आत्ताच का नाही बघता येत, आणि त्या प्रश्नाच्या मागे लागून त्याने पोलरॉईडचा झटपट फोटो देणारा कॅमेरा बनवला जो १९४८ मध्ये विक्रीला आला. म्हणजे मोबाईल नव्हता तेव्हाही मुलांना फोटो लगेचच हवा होता, आणि का नसावा, फोटो त्यांचा आहे.

म्हणून नुसतं “यात दिसत नाही” म्हणून विषय संपवू नका, त्यांच्या हातात काहीतरी द्या. कॅमेऱ्यात रोल नसेल तेव्हा मागचं झाकण उघडा, शटर एक सेकंदावर लावा, कॅमेरा उजेडाकडे धरा आणि मुलालाच खटका दाबू द्या, पडदा सरकून मधेच उजेडाचा चौकोन दिसतो आणि खट्कन मिटतो. हे एकदा बघितलेलं मूल पुन्हा पुन्हा दाबायला मागतं. दुसरी गोष्ट, ब्लॅक अँड व्हाईट निगेटिव्हची एक जुनी पट्टी बॅगेत ठेवा. खिडकीकडे धरून दाखवा, केस पांढरे आणि दात काळे, मुलं हसून हसून बेजार होतात आणि हसता हसता त्यांना कळतं की फोटो आत आहे पण अजून उलटा आहे, त्याचा प्रिंट काढायचा बाकी आहे. आणि तुमच्याकडे वरून खाली बघायचा, दोन भिंगांचा कॅमेरा असेल तर मग काही समजवायलाच नको, काचेवर चित्र डावं-उजवं उलट दिसतं, समोरचा मित्र एका बाजूला पळतो आणि काचेत दुसऱ्याच बाजूला जातो, तिथे रांग लागते.

पण खरं महत्त्वाचं पुढेच आहे. फोटो लगेच दाखवता येत नाही म्हणजे तुम्ही त्या मुलाचं देणं लागता. रोल भरायला महिना लागो, धुऊन यायला अजून आठवडा लागो, प्रिंट काढून नेऊन द्या. आईवडिलांना आधी विचारा, फोटो काढायच्या आधी, आणि तेव्हाच पत्ता किंवा नंबर घेऊन ठेवा. “नंतर देतो” म्हणून न देणारे आपल्यातच खूप आहेत आणि मुलं हे विसरत नाहीत.

प्रश्न : भाच्याने रोल आत असताना मागचं झाकण उघडलं. सगळा रोल गेला का?

सगळा नाही जात. नेहमीच्या ३५ मिमी कॅमेऱ्यात काढलेले फोटो उजवीकडच्या रिळावर गुंडाळले जातात, त्यामुळे वरच्या वेढ्यांवर उजेड पडतो म्हणजे अगदी शेवटचे काही फोटो जातात, आतले बऱ्याचदा वाचतात, आणि जो भाग अजून रोलच्या डबीत आहे त्याला काही होत नाही. लगेच बंद केलं असेल तर दोन-तीन फोटो सोडून पुढे काढत राहा. (काही ऑटोमॅटिक कॅमेरे सुरुवातीलाच सगळा रोल बाहेर ओढून ठेवतात, त्यात काढलेले डबीत सुरक्षित आणि न काढलेले जातात.) भाच्याला ओरडला असाल तर आता जवळ घ्या.

प्रश्न : रस्त्यात अनोळखी लोक थांबवतात, “अजून रोल मिळतो?” विचारतात. काय सांगू?

मिळतो म्हणून सांगा. रोल बनवणाऱ्या कोडॅक कंपनीने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा सगळ्यांना वाटलं संपलं, पण रोल बनतच राहिले. २०२४ मध्ये तर पेंटॅक्सने नवा कोरा रोलचा कॅमेरा बाजारात आणला, तो एका फोटोला नेहमीच्या निम्मीच जागा वापरतो म्हणून ३६ च्या रोलवर ७२ फोटो बसतात. एवढं सांगितलं की तरुण मुलं पुढचे प्रश्न विचारायला लागतात.

वयस्कर माणसांना मात्र उत्तर नको असतं, त्यांना कॅमेरा हातात हवा असतो. मागितला नाही तरी द्या. परवाच एका आजोबांना दिला, त्यांनी काही न बघता अंगठ्याने लिव्हर ओढली, डोळ्याला लावला आणि मग एकदम थांबले, “रोल आहे का यात? तुझा एक फोटो जाईल.” मी म्हटलं जाऊ दे आजोबा, काढा. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या आजींचा काढला. तो फोटो थोडा तिरका आलाय, काल त्याचा प्रिंट आला, उद्या द्यायला जाणार आहे.