शेवटचं पान आधी वाचणाऱ्या मुलाला कोणत्या रहस्यकथा द्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सातवीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी. किशोर गुप्तहेरांची चार पुस्तकं आणून दिली. तो सुरुवातीची काही पानं वाचतो, मग सरळ शेवट उघडून चोर कोण ते बघतो आणि पुस्तक ठेवून देतो. आता त्याला काय द्यावं, असा तुमचा प्रश्न आहे.

मला यात त्याचा दोष फारसा दिसत नाही. पुष्कळ पुस्तकांत वाचणाऱ्याला करायला कामच नसतं. नायक धावतो, लपतो, पकडला जातो, सुटतो, आणि शेवटी लेखक चोराचं नाव सांगून टाकतो. चोर कोण हे आपल्याला ओळखताच येणार नसेल, तर मधली शंभर पानं थांबायचं कशाला? हुशार पोरगं शेवटच बघणार.

मी नागपुरातच, नंदनवन भागात राहते. सुटीच्या दुपारी आसपासची मुलं आमच्याकडे जमतात आणि आम्ही मिळून रहस्यकथा वाचतो. गुप्तहेराला जे दिसलं ते त्याच क्षणी वाचकालाही दाखवणारं पुस्तक असलं, की मुलं ते हातचं सोडत नाहीत. पुस्तक निवडताना तुम्ही एवढंच तपासा.

उदाहरण देते. एरिख केस्टनर या जर्मन लेखकाचं ‘एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज’ हे 1929 सालचं पुस्तक. एमिल लहानशा गावातला, एकटाच रेल्वेनं बर्लिनला आजीकडे निघालाय. आईनं दिलेल्या नोटा हरवू नयेत म्हणून तो त्या कोटाच्या आतल्या अस्तराला टाचणीनं टोचून ठेवतो. पुढे डब्यात त्याचा डोळा लागतो, आणि जाग येते तेव्हा पैसेही नसतात आणि समोर बसलेला माणूसही नसतो. मग बर्लिनच्या रस्त्यांवरची पोरं त्या माणसाच्या मागावर निघतात. शेवट सांगत नाही. पण त्या टाचणीचा उल्लेख लेखक इतक्या सहज करून पुढे जातो की निम्मे वाचक ती विसरतात, आणि ज्याच्या ती लक्षात राहते त्याला शेवटी जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. पुरावा लपवायचा नाही, समोर ठेवायचा आणि तरी नजरेतून निसटू द्यायचा. चांगल्या रहस्यकथेचं कसब इथंच आहे.

तुमच्या मुलासाठी मात्र सुरुवात आणखी सोपी करा. डोनाल्ड सोबोल यांची ‘एन्सायक्लोपीडिया ब्राउन’ ही मालिका 1963 पासूनची. नायक दहा वर्षांचा, वडील पोलीसप्रमुख. एकेका पुस्तकात बऱ्याच छोट्या गोष्टी. गोष्ट चार-पाच पानांत संपते, शेवटी वाचकालाच प्रश्न विचारलेला असतो की त्याला हे कसं कळलं, आणि उत्तर पुस्तकाच्या मागच्या भागात छापलेलं असतं. म्हणजे मागचं पान उलटायचंच आहे, फक्त आधी विचार करून. त्याची आजची सवयच इथे कामी येते. इंग्रजी सोपं आहे, सातवीच्या मुलाला जड जाणार नाही. एक गोष्ट जेवणाच्या टेबलावर तुम्ही वाचून दाखवा आणि तुम्हीही उत्तर न बघता डोकं लढवा. आई-बाबाही अडकतात हे कळलं की मुलाला जोर चढतो.

मराठीत फास्टर फेणे हवाच. भा. रा. भागवतांचा (1910–2001) हा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर सुसाट सुटणारा, तोंडानं ‘ट्टॉक्’ करणारा. माझं त्याच्यावर फार प्रेम आहे. पण तो मुळात साहसवीर आहे. संकटात उडी घेतो, प्रसंगावधानानं निभावून नेतो. पुरावे जुळवत बसणं हा काही त्याचा पिंड नाही. म्हणून शेवट आधी बघणाऱ्या मुलाला कोडं म्हणून फाफे देऊ नका, मराठीची गोडी लागावी म्हणून द्या. संवाद भरपूर, वाक्यं छोटी, वेग जबरदस्त. इंग्रजी माध्यमातलं मूल जोडाक्षरांपाशी अडखळतं तेव्हा पहिली दोन पानं तुम्ही मोठ्यानं वाचा, तिसरं तो स्वतः ओढून घेईल.

कोडं आणि साहस यांचा खरा मेळ मला सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथांत दिसतो. पहिली फेलूदाकथा 1965 साली ‘संदेश’ या बंगाली बालमासिकात आली. हे मासिक राय यांच्या आजोबांनी 1913 मध्ये सुरू केलं होतं आणि पुढे बंद पडलेलं ते राय यांनी 1961 मध्ये पुन्हा उभं केलं. लिहिताना समोर मुलंच होती, आणि ते पानापानांत जाणवतं. फेलूदा स्वतः मोठा माणूस आहे, पण गोष्ट सांगतो त्याचा किशोरवयीन चुलतभाऊ तोपशे. फेलूदाला जे दिसतं ते तोपशेलाही दिसतं, फक्त त्याला जोडता येत नाही. वाचणारं मूल तोपशेच्या बाजूला उभं राहून त्याच्याआधी जोडायला बघतं. अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद रोहन प्रकाशनानं काढलेत, भाषा सरळ आणि स्वच्छ आहे. त्यातली मूर्तिचोरांची कथा शेवटी वेरूळच्या लेण्यांत येऊन पोचते. मुलांनी वेरूळ पाहिलेलं असलं तर ती आधी द्या.

फेलूदाची एक उणीव आमच्याकडच्या मुलींनीच काढली. या गोष्टींत बायका आणि मुली जवळजवळ नाहीतच. मुलींचं म्हणणं बरोबर होतं. त्यांना मी नॅन्सी ड्र्यू दिली. 1930 पासूनची ही अमेरिकन मालिका. लेखिका म्हणून पुस्तकांवर छापलेलं कॅरोलिन कीन हे एका व्यक्तीचं नाव नसून अनेक लेखकांनी मिळून वापरलेलं टोपणनाव आहे. नॅन्सी स्वतः गाडी चालवते, स्वतः ठरवते, कुणाची परवानगी मागत बसत नाही. कोडी फार अवघड नसतात. मुलांनाही अवश्य द्या.

एनिड ब्लायटनबद्दल थोडं. बहुतेक घरांत ‘फेमस फाइव्ह’ येतं. ते सहली, बोगदे आणि खाण्यापिण्याचं पुस्तक आहे. तर्क करायला लावणारी तिची मालिका वेगळी, 1943 ला सुरू झालेली ‘फाइव्ह फाइंड-आउटर्स’. तिथे मुलं संशयितांची यादी करतात, कोण कुठे होतं ते तपासत एकेक नाव खोडतात. मात्र जाड मुलाला त्याच नावानं हाक मारणं, गावच्या हवालदाराची सतत टर उडवणं हे त्यात आहे. वाचताना मुलाशी त्यावर बोला.

आता वाचायची पद्धत. आम्ही शेवटची दोन प्रकरणं कागद गुंडाळून रबरबँडनं बांधून ठेवतो. तिथवर आलं की प्रत्येकानं चिठ्ठीवर संशयिताचं नाव आणि एक कारण लिहायचं. कारण नसेल तर चिठ्ठी बाद. मगच रबर निघतं. नाव चुकलं तरी चालतं, पण कारण पुस्तकातलंच हवं. या एका नियमानं मुलं मागची पानं पुन्हा चाळायला लागतात, आणि मे महिन्यात कूलरसमोर बसून दुपार कशी जाते ते कळत नाही.

पुढे मुलं स्वतःच्या गोष्टी रचायला लागली. नागपूर त्यासाठी फार चांगलं शहर आहे. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात, लोकांसाठी वर्षातले मोजकेच दिवस उघडा. बंद जागेचं रहस्य तयारच. चोराला पळून जायला मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मोठाल्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीची गर्दी तर आहेच. सातवीतल्या एका मुलानं तान्ह्या पोळ्याची, म्हणजे मुलांनी लाकडी नंदी सजवायच्या सणाची, गोष्ट लिहिली: स्पर्धेच्या आदल्या रात्री लाकडी नंदी गायब, आणि शेजारचा दादा तो पांढऱ्या सदऱ्याखाली लपवून नेतो. वाचून झाल्यावर पाचवीतली एक मुलगी म्हणाली, “काकू, असं कसं होईन? नंदी तर संध्याकाळीच रंगवला होता. पावसाळ्यात ऑइल पेंट इतक्या लवकर वाळते का? सदऱ्याले रंग लागला नसन?” मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं गोष्ट टाकली नाही. दुसऱ्याच पानावर, आरतीच्या गडबडीत, दादाच्या बाहीवर एक लाल ठिपका ठेवला आणि त्याबद्दल पुढे चकार शब्द काढला नाही. पुढच्या वेळी ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी तो पकडला.

खून असलेल्या गोष्टी द्याव्यात का, हे तुम्ही विचारलं नाही, पण पुढे विचाराल. फेलूदात खून होतात, पण रक्तपाताचं वर्णन रंगवलेलं नसतं. सातवीच्या मुलाला ते झेपतं. शेरलॉक होम्सही याच वयात सुरू करता येतो, भालबा केळकरांचे अनुवाद आहेत. टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिका मात्र मी मुलांना बघू देणार नाही. तिथे पोलीस सगळं सांगून मोकळे होतात आणि मुलाच्या वाट्याला नुसती भीती येते.

सगळं विकत घेऊ नका. आधी वाचनालयातून आणा, सीताबर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधा. एका वेळी एक मराठी आणि एक इंग्रजी, बस. या आठवड्यात एन्सायक्लोपीडिया ब्राउनचं कुठलंही एक आणि वेरूळचा फेलूदा; एमिल त्यानंतर.