वाचकांचे प्रश्न : जमीन परत देणारा कायदा

ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल (मूळनिवासी) लोकांना जमिनी मिळाल्या त्या माबो खटल्यामुळेच ना? मग १९७६ च्या कायद्याचं नाव का निघतं? (पुणे)

या दोन वाटा वेगळ्या आहेत. उच्चतम न्यायालयाचा १९९२ चा माबो निकाल आणि १९९३ चा नेटिव्ह टायटल कायदा जुना हक्क शिल्लक असेल तिथे तो मान्य करतात, पण अनेकदा तो गुरं चारणाऱ्या पट्टेदारासोबत वाटून घ्यावा लागतो. १९७६ चा ॲबोरिजिनल लँड राइट्स कायदा फक्त नॉर्दर्न टेरिटरीपुरता (ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचा प्रदेश) आहे, पण तो थेट मालकी देतो. १९७१ मध्ये न्यायालयाने टेरिटरीतल्या योल्ङू या ॲबोरिजिनल लोकांचा जमिनीवरचा दावा फेटाळला, तेव्हा संसदेकडे जाण्यावाचून मार्ग उरला नाही. व्हिटलम सरकारचं विधेयक १९७५ च्या नोव्हेंबरात सरकारबरोबरच बारगळलं आणि विरोधी पक्षाच्या फ्रेझर सरकारने पुढच्या वर्षी कायदा केला. आज टेरिटरीतली सुमारे निम्मी जमीन या कायद्याखाली आहे. ती विकता येत नाही, पट्ट्याने देता येते. उलुरू हा प्रसिद्ध खडक १९८५ मध्ये मूळ मालकांना मिळाला आणि लगेच राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या पट्ट्याने परत गेला.

दावा कसा चालतो? इतकी वर्षं का लागतात? (नाशिक)

जुन्या राखीव जमिनी कायद्याच्या परिशिष्टात होत्या, त्यांना सुनावणी लागली नाही. बाकी ठिकाणी अर्ज, मग लँड कमिशनरपुढे (हे न्यायाधीश असतात) सुनावणी, त्यांची शिफारस, मंत्र्याचा निर्णय आणि शेवटी गव्हर्नर जनरलच्या सहीची सनद. सनद लँड ट्रस्टच्या (मालकांसाठी जमीन धरणाऱ्या संस्थेच्या) नावे होते. पण लँड कौन्सिलने (मालकांच्या वतीने काम करणाऱ्या वैधानिक मंडळाने) सांगितल्याशिवाय ट्रस्टला काही करता येत नाही आणि कौन्सिललाही मालकांची संमती लागते. नवे अर्ज ५ जून १९९७ नंतर बंद झाले.

अडतं ते व्याख्यांत. दावा फक्त कोणाला न दिलेल्या सरकारी जमिनीवर, किंवा ॲबोरिजिनल लोकांच्याच ताब्यातल्या जमिनीवर करता येई. शहराच्या हद्दीतली जमीन वगळलेली. डार्विनसमोरच्या कॉक्स द्वीपकल्पावर १९७९ मध्ये केन्बी नावाचा दावा लागला, पण तो अडवायला टेरिटरी सरकारने त्याआधीच अख्खं द्वीपकल्प डार्विनच्या हद्दीत ओढलं! हेतू तपासता येतो, असं उच्चतम न्यायालयाने १९८१ मध्ये सांगितलं. मग दुसरी व्याख्या आडवी आली. मालक ठरायला एका वंशाचा स्थानिक गट, त्या स्थळाची प्राथमिक आध्यात्मिक जबाबदारी आणि तिथे शिकार-कंदमुळं गोळा करण्याचा परंपरागत हक्क, हे तिन्ही लागतं. लँड कमिशनरच्या १९९१ च्या अहवालात कोणीच त्यात बसेना. तो अहवाल न्यायालयात टिकला नाही. २००० च्या अहवालात अवघे सहाजण बसले, डार्विन परिसरातल्या मोठ्या लाराकिया समाजातले बाकीचे नाही. सनद मिळाली २०१६ मध्ये. जिच्यावर वंशावळ मोजायची ती पट्टी कायद्याने बाहेरून आणली, याचा त्रास असा होतो.

खाणीला नकार देता येतो का? (चंद्रपूर)

देता येतो, पण खनिजाचा शोध घेण्याच्या परवान्याच्या वेळीच. वाटाघाटींना साधारण २२ महिने. नकार दिला की पाच वर्षं विषय बंद. एकदा शोधाला हो म्हटलं की पुढे खाणीला नाही म्हणता येत नाही, फक्त अटी ठरवता येतात. त्यामुळे कोणी 'नुसती भोकं पाडून बघतो' म्हणाला, तरी खाण होणार असं धरूनच विचार करावा लागतो. खनिजं सरकारचीच राहतात. रॉयल्टीइतकी रक्कम केंद्र एका वेगळ्या खात्यात भरतं, त्यातले ३० टक्के खाणीची झळ लागणाऱ्या भागाला जातात.

आम्ही डार्विनला राहतो. मासेमारीला, फिरायला परवाना लागतो का? (डार्विन)

महामार्गाने जायला नाही. आडवाटेला वळलात की बहुधा लागतो. तो उत्तरेकडे नॉर्दर्न लँड कौन्सिल देतं, ॲलिस स्प्रिंग्सकडे सेंट्रल लँड कौन्सिल. तिवी बेटांचं कौन्सिल स्वतंत्र. उच्चतम न्यायालयाच्या ब्लू मड बे निकालापासून (२००८) ओहोटीच्या रेषेपर्यंतच्या जमिनीवर भरतीचं पाणी आलं, तरी तिथल्या मासेमारीला मालकांची परवानगी लागते. किनाऱ्याचे काही भाग करार करून खुले ठेवलेत, म्हणून होडी काढण्याआधी कौन्सिलचा नकाशा बघा. काकडू राष्ट्रीय उद्यानातून काहिल्स क्रॉसिंग ही नदीवरची फरशी ओलांडलीत की पलीकडच्या काठापासून आर्नहेम लँड हा ॲबोरिजिनल मालकीचा प्रदेश लागतो. परवाना अगोदर काढलेला हवा, आणि भरतीची वेळही बघून ठेवा, कारण फरशीवरून पाणी वाहतं आणि त्यात मगरी असतात.