दुसरा भाग पहिल्याच्या पुढे गेलेला मी पाहिलाय

तुम्ही विचारलंय की अद्भुतकथेवरच्या ॲनिमेशन चित्रपटांचे दुसरे भाग बहुतेक वेळा पहिल्याच्या पुण्याईवर चालतात, मग पहिल्याहून खरोखर सरस ठरलेला एखादा आहे का, की चाहते उगाच डोक्यावर घेतात?

आहे. 'हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन 2'. चाहते या चित्रपटाचं जे कौतुक करतात ते मला अजिबात जास्तीचं वाटत नाही, उलट थोडं कमीच वाटतं. का, ते सांगायचं तर कथेतला सगळ्यात मोठा प्रसंग सांगावा लागेल. पाहायचा राहिला असेल तर इथंच थांबा, आधी पाहून या.

पहिला भाग 2010 चा. बर्क नावाच्या बेटावर व्हायकिंगांची, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दी लढवय्यांची वस्ती. ड्रॅगन येतात, मेंढरं उचलून नेतात, घरं जाळतात. गावकरी त्यांना मारतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच. गावचा सरदार स्टॉइक म्हणजे आडदांड गडी, आणि त्याचा मुलगा हिकप अगदी किडमिडीत. हा पोरगा एक ड्रॅगन पाडतो खरा, पण सुरी हातात असूनही त्याच्यानं मारवत नाही. पडण्यात त्या ड्रॅगनच्या शेपटीचा एका बाजूचा पंख गेलेला, त्यामुळं उडता येईना. हिकप चामडं आणि लोखंड जुळवून त्याला नवा पंख करून देतो, त्याचं नाव टूथलेस ठेवतो, आणि तिथून गावाचं वैर संपायला सुरुवात होते. शेवटच्या लढाईत हिकपचा डावा पाय जातो. एकाची शेपूट अधुरी, एकाचा पाय अधुरा, आणि दोघं मिळून पूर्ण. इतकी नेमकी जुळवणी क्वचित पाहायला मिळते.

पहिलाच भाग श्रेष्ठ म्हणणारे लोक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हिकप वाळूत काठीनं चित्र काढतो, ते पाहून टूथलेस अख्खं झाड उपटून आपल्या परीनं रेघोट्या मारतो, त्या रेघांवर पाय न देता हिकप मागं मागं सरकत जातो आणि शेवटी तोंड फिरवून नुसता तळहात पुढं करतो. संवाद नाही. फक्त जॉन पॉवेल यांचं संगीत. त्या तळहातावर ड्रॅगनचं नाक टेकतं तेव्हा अंगावर काटा येतो. असं दृश्य दुसऱ्या भागात नाही, हे मी मान्य करते.

पण पहिल्या भागाचा प्रश्न सोपा आहे. शत्रू मित्र होऊ शकतो का? उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं. दुसरा भाग त्या मैत्रीलाच हात घालतो. ज्याला आपण जीव लावला त्याच्या हातून आपलाच माणूस गेला तर काय करायचं?

2014 मध्ये आलेल्या या भागात कथेतली पाच वर्षं उलटून गेलीत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण ॲनिमेशनमधली पोरं सहसा मोठी होत नाहीत. दहा भाग निघाले तरी तेच वय, तेच कपडे. इथं हिकप वीस वर्षांचा आहे. आवाज, चेहरा, खांदे, सगळं बदललंय. नकली पायात त्यानं सुधारणा करून घेतल्यात, टूथलेसची शेपूट खुंटी मारल्यागत एका जागी अडकवायची सोय केलीय, म्हणजे तो स्वतः पाठीवरून उडी टाकून बाजूनं तरंगू शकतो. पाच वर्षं हा पोरगा कामात होता हे न सांगता कळतं. बापाची इच्छा की यानं आता सरदारकी घ्यावी. याला नकाशे काढत हिंडायचंय. ज्यांच्या घरात बापाची शेती किंवा दुकान आहे त्यांना हा तिढा नव्यानं समजावून द्यायला नको.

आणि मग आई येते. वीस वर्षांपूर्वी ड्रॅगननं उचलून नेलेली, मेली असं धरून चाललेली आई, व्हॅल्का. ती ढगांच्या वर चार पंखांच्या ड्रॅगनवर मुखवटा घालून उभी असते. माणसांत न राहिल्यानं तिचं चालणं, मान वळवणं, दबकत पुढं येणं सगळं जनावरासारखं झालंय. ती हिकपच्या हनुवटीला हात लावते. तिथं बारीक व्रण आहे. पाळण्यातल्या लेकराला ड्रॅगनचं नख लागलं होतं, त्याचा. त्या व्रणावरून ती पोराला ओळखते. नाव विचारायचीही गरज पडत नाही.

स्टॉइक तिला पाहतो तो प्रसंग तर मी किती वेळा पाहिला त्याची मोजदाद नाही. ती एकसारखी बोलत सुटते. मी परत यायला हवं होतं, मला माहितीय तू रागावशील, ओरड तरी, काहीतरी बोल. आणि हा धिप्पाड माणूस हळूहळू जवळ जातो आणि तिच्या गालाला हात लावतो. वीस वर्षांचा हिशोब मागत नाही. पुढं तो शीळ घालतो आणि दोघांच्या लग्नाच्या काळातलं गाणं म्हणतो. ती आधी गप्प, मग एकेक ओळ आठवत सूर धरते, आणि दोघं नाचतात. लेकरांच्या चित्रपटात उतारवयाच्या नवरा-बायकोला इतकी जागा कोण देतो? बाप-लेक-आई एकत्र दिसतात ती तेवढीच घटका. लगेच हल्ला होतो.

ड्रॅगो नावाचा क्रूर माणूस एका डोंगराएवढ्या ड्रॅगनच्या जोरावर बाकी सगळे ड्रॅगन ताब्यात घेतो. तो मोठा ड्रॅगन ज्याच्या मनाचा ताबा घेईल त्याला स्वतःची शुद्ध उरत नाही. टूथलेसचे डोळे बारीक चिरेसारखे होतात आणि तो हिकपवरच चाल करून येतो. हिकप त्याला नावानं हाका मारतोय, तो ओळखत नाही. शेवटच्या क्षणी स्टॉइक पोराला ढकलून स्वतः मध्ये येतो. आगीचा लोळ त्याला लागतो आणि तो जातो. टूथलेस भानावर येतो, काय झालं ते त्याला कळत नाही, तो जवळ येऊन पडलेल्या सरदाराचा हात हुंगतो. हिकप त्याला ओरडून हाकलून देतो.

मी हे पहिल्यांदा पाहिलं 2016 मध्ये, नांदेडला, खोलीवर, भाच्यासोबत लॅपटॉपवर. तो नऊ वर्षांचा. त्यानं विचारलं, "मावशी, आता ह्यो ड्रॅगनला मारील का गं?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण मला आमचा सोन्या आठवत होता.

आमचं गाव कंधार तालुक्यातलं. दावणीला लाल कंधारी बैलांची जोडी. त्यातला सोन्या आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, वासरू असल्यापासून वाढवलेला. खांदमळणीच्या संध्याकाळी आबा त्याच्या खांद्याला हळद-तूप चोळायचे आणि कानाशी तोंड नेऊन म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." 2011 च्या पोळ्याला मारुतीच्या पारासमोर जोड्या उभ्या असताना पोरांनी फटाक्यांची लड लावली ती नेमकी सोन्याच्या पायाशी येऊन वाजली. बैल उधळला. कासरा आबांच्या मनगटाला गुंडाळलेला. ते ओढले गेले, पडले, आणि बैलाचा पाय त्यांच्या नडगीवर पडला. हाड मोडल्याचा आवाज मी दहा हातांवरून ऐकलाय.

प्लॅस्टर घालून आबा घरी आले त्या रात्री काकांनी विषय काढला. "ह्येला आता ठिवायचं नाही. आज तुम्हाला पाडलं, उद्या एखाद्या लेकराच्या अंगावर जाईल. बाजार दाखवा ह्येला." काकांचं चुकत होतं असं आजही म्हणवत नाही, घरात खेळती लेकरं होती. आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्येनं मला मारलं नाही. त्यो भ्याला, अन् मी मधी आलो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हट्टानं बाज गोठ्यात नेववली. सोन्यानं तीन दिवस पेंडीला तोंड लावलं नव्हतं. आबांनी पडल्या पडल्या तळहात पुढं केला. बैलानं आधी मान मागं घेतली, कान पाडले. मग हळूच पुढं येऊन हुंगलं आणि ती खरखरीत जीभ मनगटावरून फिरवली, जिथं कासऱ्याचा वळ होता तिथून. आबा म्हणाले, "बस, बस, झालं."

म्हणून त्या चित्रपटाचा पुढचा भाग मला खरा वाटतो. हिकप बापाच्या जळत्या जहाजाकडं पाहतोय, पहिला पेटता बाण त्यानंच सोडलाय. आई त्याच्याजवळ येते. तू वेळेआधी जन्मलास, इतका बारीक होतास की मला भीती वाटायची, पण तुझ्या बापाला कधी शंका नव्हती, असं सांगते. मग तो बर्कला परततो आणि पुन्हा ड्रॅगोच्या ताब्यात गेलेल्या टूथलेससमोर जाऊन उभा राहतो. हातात शस्त्र नाही. तुझा दोष नव्हता, तुझ्याकडून करवून घेतलं गेलं, तू मला कधी इजा करणार नाहीस, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगतो. ते बारीक झालेले डोळे हळूहळू गोल होतात. लोक याला जादूची सुटका म्हणतात. मला ती जादू वाटत नाही. बापाला जाऊन काही तास झालेत, आणि राग धरायचा नाही हे ठरवायला त्या पोराला केवढं बळ लागलं असेल. पहिल्या भागातल्या दोस्तीची किंमत इथं चुकती झाली. तीही हिकपनं स्वतः.

बाकी ज्या गोष्टी चाहते सांगतात त्या थोडक्यात. पहिला भाग ख्रिस सँडर्स आणि डीन डेब्लॉइस या दोघांनी दिग्दर्शित केला होता. दुसरा डेब्लॉइस यांनी एकट्यानं लिहिला आणि केला. आधीच्या मसुद्यात आईच खलनायिका होती, ते त्यांनी बदललं, आणि फार बरं केलं. प्रकाशाच्या बाबतीत रॉजर डीकिन्स या नामांकित छायालेखकाचा सल्ला दोन्ही भागांना होता, पण दुसऱ्यात बर्फाच्या गुहेतला उजेड आणि ढगांवरचं ऊन पाहा, फरक कळेल. हे चित्रपट काढणाऱ्या ड्रीमवर्क्स स्टुडिओनं पडद्यावर पेननं थेट पात्राचा चेहरा-हात हलवता येईल अशी नवी प्रणाली याच चित्रपटासाठी पहिल्यांदा वापरली. व्हॅल्काच्या डोळ्यांत जे बारकावे दिसतात त्यात तिचा वाटा आहे. गोल्डन ग्लोब मिळाला, ऑस्कर 'बिग हिरो 6' ला गेला. कमाई म्हणाल तर जगभरात दुसऱ्यानं पहिल्याला मागं टाकलं, सुमारे 62 कोटी डॉलर विरुद्ध 49 कोटी, पण खुद्द अमेरिकेत मात्र पहिलाच पुढं राहिला. त्यामुळं गल्ल्यावरून कोणी तुम्हाला पटवायला लागला तर ऐकू नका.

उणिवाही आहेत. ड्रॅगो कच्चा राहिलाय. तो असा का झाला हे एका वाक्यात उरकलंय. हिकपची सोबतीण ॲस्ट्रिड पहिल्या भागात बरोबरीनं लढली होती, इथं तिच्या वाट्याला फार कमी आलंय. आणि शेवटची लढाई मला घाईची वाटते. बापाच्या जाण्यानंतर आणखी दहा मिनिटं शांतता चालली असती. व्हॅल्काही नवरा गेल्यावर कडेला सरकते, ते खटकतं. तरीही दुसराच सरस म्हणते, कारण या सगळ्या उणिवा कथेच्या कडेला आहेत आणि गाभा घट्ट आहे.

भाच्याला मी शेवटी सांगितलं, "नाही मारणार." त्यानं विचारलं, तुला कसं माहीत? मग चित्रपट थांबवून सोन्याची सगळी हकिकत सांगितली. तोवर आबा जाऊन वर्ष झालं होतं. त्याला आबा नीट आठवत होते, काठी टेकत चालणारे, पण पायाची गोष्ट कुणी त्याला सांगितली नव्हती. ऐकून तो म्हणाला, "मग पुढच्या पोळ्याला सोन्याला कुणी सजवलं?" म्हटलं, आबांनीच, बाजेवर बसून, शिंगांना हिंगूळ लावला.

तुम्ही पाहणार असाल तर पहिला भाग आधी पाहाच, आणि लगेच त्याच रात्री दुसरा लावू नका. मध्ये चार-आठ दिवस जाऊ द्या. घरात लहान लेकरू असेल तर स्टॉइकच्या प्रसंगाला त्याच्या शेजारी बसा, उठून चहा ठेवायला जाऊ नका. ते काहीतरी विचारणारच आहे.